मुलाखतीत माझ्या छातीनं दिलेली उत्तरं

तीर्थरूप मावशीच्या पायांशी,

साष्टांग नमस्कार. (खरं म्हणजे सप्तांगच समज. साष्टांगात छातीही जमिनीला टेकवावी लागते, आणि माझं ते एक अंग सध्या वादात आहे. का, ते पुढे येईल. तू लगेच घाबरू नकोस. आपल्या घरात घाबरण्याचं खातं माझ्याकडे आहे.)

तुझे गुडघे कसे आहेत? जिना उतरताना डावा कुरकुरतो आणि चढताना उजवा, असं म्हणाली होतीस, तर दोघांचा काही समझोता झाला का? रुसून गेलेलं मांजर परत आलं का? इकडे आम्ही सगळे मजेत आहोत. हे वाक्य लिहिता यावं म्हणूनच फोन न करता पत्र लिहितो आहे. फोनवर मी ‘मजेत’ म्हणालो की तू पुढे काही बोलत नाहीस, नुसता माझा श्वास ऐकतेस. अतिदक्षता विभागात सिस्टर म्हणून जन्म काढलेल्या बाईला फोन करणं म्हणजे चोरानं आपणहून चौकीत जाऊन पाणी मागण्यासारखं आहे. कागदाला श्वास नसतो, आणि अक्षर थरथरलं तर पेनावर ढकलता येतं.

तुझ्या शेजारणीच्या मुलीला दवाखान्यांच्या संगणकाच्या क्षेत्रात यायचं आहे, तिला मी चार गोष्टी सांगाव्यात, असं तू मागे कळवलं होतंस. उत्तराला उशीर झाला. कारण तू विचारलंस तेव्हा मी त्या क्षेत्रात होतो, आणि उत्तर लिहायला बसलो तेव्हा नव्हतो.

म्हणजे झालं असं, की आमची कंपनी एका मोठ्या कंपनीनं गिळली. मला आधीच संशय आला होता, कारण कचेरीत पाहुणे यायला लागले होते आणि ते आमच्याकडे न बघता आमच्या खुर्च्यांकडे बघायचे. माझं काम तुला ठाऊकच आहे, पण त्या मुलीला वाचून दाखवशील म्हणून पुन्हा सांगतो. रुग्णाच्या उशाशी हिरवी रेघ पळवणारं जे यंत्र असतं, त्यानं केव्हा वाजावं आणि केव्हा गप्प बसावं, याचे नियम मी लिहितो. रुग्ण कुशीवर वळला तरी ते वाजतं, शिंकला तरी वाजतं, तार निसटली तरी वाजतं. तूच म्हणायचीस, ‘मेली सारखी केकाटतात, मग खरोखरीची वेळ आली की कोणाचं लक्ष जात नाही.’ तर त्यातले खोटे गजर ओळखून त्यांचं तोंड बंद करायचं. थोडक्यात, यंत्रानं कशाला घाबरायचं आणि कशाला नाही हे ठरवायचं. आणि हे काम कंपनीनं दिलं कोणाला, तर झुरळ दिसलं की खुर्चीवर चढणाऱ्या तुझ्या भाच्याला! (पण यात तर्क आहे. विनाकारण भीती कशी असते हे भित्र्याला जितकं आतून माहीत असतं, तितकं शूराला नसतं.)

एके दिवशी मला काचेच्या खोलीत बोलावलं. भरती आणि कपात बघणाऱ्या बाई बसल्या होत्या आणि टेबलाच्या बरोबर मध्ये कागदी रुमालांचा खोका ठेवला होता. तो बघितल्यावर बाकीचं बोलणं मी ऐकलंच नाही. बाई मात्र बोलता बोलता स्वतःच रडायला लागल्या. सकाळपासून त्यांनी आमच्यापैकी किती जणांना हेच सांगितलं असेल देव जाणे. मी खोका त्यांच्याकडे सरकवला, पाणी दिलं, ‘होतं असं, मनावर घेऊ नका’ म्हणालो. त्यांचे डोळे पुसून झाले, मी बाहेर आलो, लिफ्टमध्ये शिरलो, आणि तिथल्या आरशात माझ्या लक्षात आलं की नोकरी माझी गेली आहे.

घरी तुझ्या भाचेसुनेला सांगताना माझी बोबडी वळली होती. ती गाडी शिकवते, हे तुला माहीत आहे. शिकाऊ माणूस भिंतीवर चाललेला असतो आणि ही शेजारी शांतपणे बसलेली असते, कारण तिच्या पायाखाली दुसरा ब्रेक असतो. संसारातही तिनं तो कुठेतरी बसवून घेतलेला आहे. ती म्हणाली, “ठीक आहे. मागचं आरशात बघून झालं ना? मग आता पुढे बघ.” मी पुढे बघितलं. पुढे काहीच नव्हतं, म्हणून पाचावर धारण बसली.

माझा बायोडेटा लेकीनं तपासला. ती वाचून म्हणाली, “बाबा, तू काय केलंस हे यात कुठेच नाही. काय काय होऊ दिलं नाहीस एवढंच आहे.” मी म्हटलं, माझं कामच ते आहे. मग तिनं माझ्या आयुष्यातले सगळे नकार होकारात बदलले आणि जो माणूस तयार झाला, तो इतका कर्तबगार होता की त्याच्यासमोर बसायची मला भीती वाटायला लागली. जाहिरातीही तशाच. प्रत्येकीला असा माणूस हवा, ज्याला डॉक्टरांची भाषा कळते, संगणकाची कळते, कायद्याची कळते, जो विक्रीही करतो आणि दबावाखाली हसतमुख राहतो. असा एक माणूस जगात असेलही, पण मग तो नोकरी कशाला शोधेल?

शेवटी एका करिअर मार्गदर्शकाला गाठलं. तो संगणकाच्या पडद्यावरच भेटतो. माझ्या निम्म्या वयाचा असेल. त्याच्या मागे पुस्तकांचं मोठं कपाट दिसायचं, पण ते चित्र होतं, कारण तो हलला की त्याचा कान पुस्तकात शिरायचा. त्यानं मला प्रश्नाचं उत्तर देण्याआधी प्रश्नाची स्तुती करायला शिकवलं. ‘प्रश्न फार छान विचारलात’ हे वाक्य त्यानं माझ्याकडून इतक्यांदा म्हणवून घेतलं, की जेवताना लेकीनं “मीठ हवंय का?” विचारलं तरी मी तिच्या प्रश्नाचं कौतुक करायचो. शिवाय मुलाखतीआधी न्हाणीघरात जाऊन कमरेवर हात ठेवून, मान ताठ करून उभं राहायचं, म्हणजे अंगात आत्मविश्वास चढतो. आणि मुख्य म्हणजे, बोलायचं ते छातीठोकपणे. “सर, तुमच्या छातीतून आवाज येत नाही,” असं तो दर वेळी म्हणायचा. बिचाऱ्याला काय ठाऊक, पुढे तीच सगळा आवाज करणार आहे.

पहिली मुलाखत माणसानं घेतलीच नाही. पडद्यावर प्रश्न उमटायचा, आपण कॅमेऱ्याकडे बघून उत्तर द्यायचं, आणि ते कोणी ऐकतंय का हे कळायचं नाही. कोपऱ्यात माझाच चेहरा दिसत होता. तो अपघाताचा साक्षीदार असावा तसा होता. मी त्यालाच धीर देत बसलो आणि वेळ संपली. उठताना मी यंत्राला नमस्कार केला. नकार मात्र तत्काळ आला, माझे हात अजून जोडलेलेच होते.

मग एका मोठ्या नव्या हॉस्पिटलातून बोलावणं आलं. मावशी, इथे एक गोष्ट तुला माहीत नाही. इतकी वर्षं दवाखान्यांसाठी काम केलं, पण ते सगळं चार भिंतींत, कुंडीतल्या रोपाशेजारी बसून. वॉर्डात पाऊल टाकायची वेळ आली की मी कोणाला तरी पुढे करायचो. त्या फिनेलच्या वासानंच माझे हातपाय गळतात. आणि आता काम होतं ते थेट अतिदक्षता विभागात, यंत्रांच्या आणि माणसांच्या मध्ये उभं राहून. आगीतून फुफाट्यात! तरी गेलो. आधी तिथल्या स्वच्छतागृहात जाऊन कमरेवर हात ठेवून उभा राहिलो. तेवढ्यात एक गृहस्थ आत आले, माझ्या पवित्र्याकडे बघून त्यांनी मला सफाईचा मुकादम समजलं आणि साबण का नाही म्हणून झापलं. मी माफी मागून साबण शोधून आणला. आत्मविश्वास तिथेच राहिला.

मुलाखतीच्या खोलीत लांब टेबल होतं. त्यामागे संगणक विभागाचे प्रमुख, भरतीच्या बाई, आणि एका टोकाला हृदयाच्या डॉक्टरीणबाई, ज्या काहीही न बोलता एका जुन्या पेनाचं टोपण काढत होत्या आणि लावत होत्या. अलीकडे एक रिकामी खाट आणि तिच्या उशाशी मॉनिटर. प्रमुख म्हणाले, आमच्याकडे हे यंत्र दिवसभर इतकं वाजतं की सिस्टर कावल्या आहेत, तुम्ही काय कराल ते करूनच दाखवा. रुग्ण म्हणून बसायला एक तंत्रज्ञ येणार होता, पण आयत्या वेळी त्याला वरच्या मजल्यावर बोलावलं. आता मी ‘थांबतो की’ एवढं म्हणायला हवं होतं. पण गप्प झालेल्या खोलीची मला दहशत आहे, आणि दहशतीत माणूस जे पहिलं तोंडात येईल ते बोलतो. मी म्हणालो, “त्यात काय, मलाच लावा.”

पडद्याआड शर्ट काढला. छातीवर चकत्या चिकटवल्या, तारा जोडल्या, बोटाला चिमटा लावला, वरून चादर पांघरली, आणि माझ्या काळजाची खासगी बाब भल्यामोठ्या पडद्यावर हिरव्या रेघेत धावायला लागली. ठोके एकशे अठरा. अजून कोणी काही विचारलंही नव्हतं.

भरतीच्या बाई म्हणाल्या, “यंत्र तयार होईपर्यंत आपण बोलून घेऊ. स्वतःबद्दल सांगा.” मी म्हणालो, “प्रश्न फार छान विचारलात. मी मुळात अत्यंत शांत स्वभावाचा माणूस आहे.” यंत्र वाजलं. त्यांनी विचारलं, आधीची नोकरी का सुटली? मी म्हणालो, परस्परांच्या संमतीनं. यंत्र पुन्हा वाजलं. दबावाखाली काम करता येतं का, या प्रश्नाला तर मी तोंड उघडायच्या आतच वाजलं. पुढे पुढे बाई प्रश्न विचारून माझ्याकडे बघायच्याच नाहीत, सरळ पडद्याकडे बघायच्या आणि तिथून उत्तर लिहून घ्यायच्या. मार्गदर्शक म्हणायचा ना, छातीतून आवाज येऊ द्या! सगळी उत्तरं छातीच देत होती, आणि मी नुसता ती पांघरून बसलो होतो.

पण मावशी, मग प्रमुख म्हणाले, “आता हे गप्प करून दाखवा,” आणि कसं कोण जाणे, माझी भीती एका बाजूला जाऊन बसली. काम सुरू झालं की ती नेहमीच तशी बसते, पुन्हा उठेपर्यंत. तारांत बांधलेल्या अवस्थेत एका हातानं मी यंत्राला समजवायला लागलो. नुसता वेग वाढला म्हणून लगेच ओरडू नकोस, जरा थांब, उतरतोय का बघ. माणूस हलला तर ती हालचाल आहे, मरण नाही. आणि मधूनच ठोका चुकल्याचा हा जो इशारा आहे, तो तर सगळ्यात वाचाळ, बहुतेक वेळा विनाकारण, तो नुसता टिपून ठेव, बोंबलू नकोस. मी एकेक नियम घालत गेलो आणि यंत्र शहाण्या मुलासारखं गप्प होत गेलं. शेवटी खोलीत इतकी शांतता झाली की पंख्याचा आवाज ऐकू आला. प्रमुखांनी टेबलावर थाप मारली. भरतीच्या बाई पहिल्यांदाच पडद्याऐवजी माझ्याकडे बघून हसल्या. मला वाटलं, जिंकलो.

डॉक्टरीणबाईंचं टोपण थांबलं होतं. त्या म्हणाल्या, “तो शेवटचा इशारा पुन्हा चालू करा बरं.”

केला. यंत्र वाजलं. थोडं थांबून पुन्हा वाजलं. त्या उठून पडद्याजवळ आल्या, चष्मा कपाळावर सरकवला आणि रेघ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “मधूनमधून एखादा ठोका निसटतोय. तुम्हाला हे कधीपासून आहे?”

आणि मावशी, ते वाक्य माझ्याकडून इतकं घोटून घेतलेलं होतं, की निघून गेलं. मी म्हणालो, “प्रश्न फार छान विचारलात.”

कोणी हसलं नाही.

मी म्हणालो, तार सैल असेल. त्यांनी तारा दाबून बघितल्या, घट्ट होत्या. मी म्हणालो, मी हललो असेन. त्या म्हणाल्या, तुम्ही हललेला नाहीत. (नव्हतोच. गोठलो होतो.) मी म्हणालो, चकती नीट चिकटली नसेल. त्यांनी दुसरी लावली. इतकी वर्षं लोकांच्या छातीतले गजर खोटे ठरवायला ज्या ज्या सबबी मी यंत्राला शिकवल्या, त्या सगळ्या एका दमात वापरल्या, आणि बाईंनी एकेक करून सगळ्या परत केल्या. वर म्हणाल्या, “घाबरायचं काही नाही. पण बघायला हवं.” तू इतकी वर्षं डॉक्टरांच्या शेजारी उभी राहिलीस, तूच सांग, ‘घाबरायचं काही नाही’ हे वाक्य ऐकून आजवर एक तरी माणूस घाबरायचा थांबला आहे का?

दुसऱ्या दिवशी फोन आला. निवड झाली. येत्या सोमवारच्या पुढच्या सोमवारी हजर व्हायचं, मात्र त्याआधी त्यांच्याकडेच हृदयाची तपासणी करून घ्यायची, डॉक्टरीणबाईंचा तसा निरोप आहे. म्हणजे बघ, तपासणी केली नाही तर नोकरी नाही. केली आणि काही निघालं तर नोकरीही नाही आणि मीही नाही. मी घरी निम्मीच बातमी सांगितली. नोकरी लागली, असं म्हणालो. लेकीनं उडी मारली. भाचेसून तुझी माझ्याकडे जरा वेळ बघत राहिली, आणि मी कपडे वाळत घालायला गेलो.

तेव्हापासून मी आतलंच ऐकत बसलेलो असतो. उशीवर डावा कान टेकला की आत कोणीतरी जिना चढतंय असं वाटतं, आणि मधेच ते एक पायरी चुकतं. मग मी जीव मुठीत धरून पुढच्या पायरीची वाट बघतो. ती येते. आजवर आलेली आहे. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, पण तो पाठीमागे असेल तर पळता तरी येतं. आत असला तर कुठे पळायचं?

तरी तपासणीला गेलो होतो. खोटं बोलत नाही, अगदी बाकावर जाऊन बसलो होतो. माझ्या नावाचा पुकारा झाला. मी आजूबाजूला असं बघितलं, की जणू या नावाचा माणूस कोण आहे ते मलाही बघायचं आहे. दुसऱ्यांदा पुकारा झाला तेव्हा उठलो, आणि पाय तिकडे जाईनात. शेजारी चाकांच्या खुर्चीत एक आजोबा ताटकळले होते, त्यांना आणणारा वॉर्डबॉय कुठेतरी गेला होता. मी त्यांच्या खुर्चीची मूठ पकडली आणि विचारलं, “कुठे जायचंय आजोबा?” ते म्हणाले, “त्या बोगद्याच्या मशीनकडे.” म्हटलं, चला.

वाटेत त्यांनी विचारलं, “तुम्ही इथलेच का?” मी म्हणालो, “होईन बहुतेक.” त्या खोलीच्या दाराशी पोचलो आणि त्यांनी माझं मनगट धरलं. त्यांचा हात बर्फासारखा गार होता. म्हणाले, “मला फार भीती वाटते हो. कोणाला बोललो नाही. या वयात भीती वाटते असं सांगितलं तर लोक हसतात.”

मी गुडघ्यांवर बसलो. मला त्या मशीनची सगळी माहिती आहे, मावशी, कंपनीतल्या शेजारच्या टेबलावर तेच काम चालायचं. म्हटलं, “आजोबा, आत हातोड्यानं ठोकल्यासारखा आवाज येईल, खूप मोठा. तो बिघाडाचा नाही, त्याचं बोलणंच तसं आहे. मध्ये एकदम थांबेल, तेव्हा काही झालंय असं समजू नका, पुढचं चित्र घ्यायची तयारी चाललेली असते. आणि हातात एक रबरी फुगा देतील. नको वाटलं की तो दाबायचा. लगेच माणूस येतो.”

“नक्की येतो?”

“येतो. तो फुगा त्यासाठीच असतो.”

“दाबला तर हसत नाहीत ना?”

“अजिबात नाही. पुष्कळ जण दाबतात.”

त्यांनी मनगट सोडलं. आत गेले. मी बाहेर थांबलो, त्यांचा वॉर्डबॉय आला, त्यानं मला कोण म्हणून विचारलं आणि मला सांगता येईना. आजोबा बाहेर आले तेव्हा मला शोधत होते. हसून म्हणाले, “फुगा दाबावाच लागला नाही! पण हातात होता म्हणून.” मी त्यांना नमस्कार केला, आणि ज्या दारानं तपासणीला जायचं होतं त्याच्या विरुद्ध दारानं बाहेर पडून घरी आलो.

तेव्हा शेजारणीच्या मुलीला माझा सल्ला असा, की बायोडेटा हवा तसा लिही, फोटोत हवी तेवढी हस, पण या क्षेत्रात यायचं असेल तर आधी एखाद्या हॉस्पिटलच्या बाकावर जाऊन बस. आपण लिहिलेलं यंत्र ज्याच्या उशाशी वाजणार आहे, तो माणूस काय विचारतो ते ऐक. मी फार उशिरा ऐकलं. आणि प्रश्नांची स्तुती करू नकोस.

बाकी सगळं ठीक. गुडघ्यांना जप. मांजराला माझी आठवण सांग. (मला ज्याची भीती वाटत नाही, असं ते एकटंच.)

तुझा,
ससोबा

ता. क. मुलीच्या सल्ल्याचं एक निमित्त होतं. खरं काम हे, की तपासणीसाठी मी पुन्हा वेळ घेतली आहे आणि एकट्यानं मला जमणार नाही. तू येशील का? घरी कोणाला कळू द्यायचं नाही. गुडघा दाखवायला आले म्हण, आणि मला सोबत म्हणून ने. आत गेल्यावर आपण बदली करू.

ता. क. दुसरा. पत्र पाकिटात घातलं, आणि ते टाकायची भीती वाटायला लागली, कारण पत्र गेलं की तू येणार आणि तू आलीस की तपासणी होणार. ते टेबलाच्या खणात राहिलं. मधल्या काळात हॉस्पिटलातून घरी फोन आला, की हे गृहस्थ पुकारा झाल्यावर कुठे गेले? तो तुझ्या भाचेसुनेनं घेतला. तिनं तुला फोन केला, आणि तू पिशवी घेऊन दारात. आता तू आतल्या खोलीत जेवून दुपारची आडवी झाली आहेस आणि मी बाहेर बसून तुलाच पत्र लिहितो आहे. तरी लिहितो, कारण काल तपासणीच्या वेळी तू माझ्या पायाचा अंगठा धरून खाटेच्या त्या टोकाला उभी होतीस, आणि मला जे दिसलं ते तुला दिसलं नाही. (तू डॉक्टरीणबाईंना, म्हणजे माझ्या होणाऱ्या सहकाऱ्यांना, ‘हा लहानपणापासून असाच, दूध उतू गेलं तरी रडायचा,’ असं सांगत होतीस.) त्यांनी छातीवर ते गार जेल लावलं, आणि पडद्यावर माझं हृदय दिसलं. माशाच्या तोंडासारखं काहीतरी उघडत होतं, मिटत होतं. मला वाटलं होतं ते भेदरलेलं दिसेल. तसं मुळीच नव्हतं, मावशी. ते निमूटपणे आपलं काम करत होतं. मधेच एक ठोका चुकायचा, आणि ते पुन्हा कामाला लागायचं. इतकी वर्षं आम्ही एकत्र राहतो, पण मी त्याला पहिल्यांदाच बघितलं.

येताना गाडीत तू मागे डुलक्या घेत होतीस, तेव्हाचंही सांगून टाकतो. हिनं गाडी कडेला घेतली, बंद केली, आणि समोर बघतच विचारलं, “मला सांगायची भीती वाटली?” मी हो म्हणालो. ती म्हणाली, “मग ती तरी सांगायचीस.” आणि गाडी सुरू केली.

ता. क. तिसरा. आत्ताच डॉक्टरीणबाईंचा फोन आला. रात्रभर ठोके टिपायला कमरेला बांधलेली जी डबी मी सकाळी परत केली, तिचाही निकाल चांगला आहे. असे चुकार ठोके पुष्कळांना पडतात, हृदय धडधाकट आहे, कॉफी कमी करा, झोप वाढवा, आणि पुन्हा मुलाखती देऊ नका. हे ऐकून घरात आनंदीआनंद झाला, तुला उठवायचं नाही म्हणून हळू आवाजात झाला. मी मात्र हबकलो आहे. कारण आता सोमवारी हजर व्हावंच लागणार, तेही वॉर्डात, आणि न जाण्याला एकही कारण उरलेलं नाही. आजवर निदान छातीत काहीतरी असण्याची आशा होती! तर मावशी, खरी विनंती ही: तू सोमवारपर्यंत राहशील का? आत यायला नको, फक्त फाटकापर्यंत चल. मी तोंडानं विचारलं तर तू माझा श्वास ऐकशील, म्हणून हा कागद दाराखालून सरकवतो आहे. उत्तर लिहू नकोस. कबूल असेल तर नुसतं खोकल, भिंत पातळ आहे.

ता. क. शेवटचा. सरकवायला वाकलो, तेवढ्यात तू खोकलीस. अजून वाचलंही नाहीस, आणि खोकलीस. हा खोकला होकाराचा होता की नुसता घशाचा, हे विचारायला मला भीती वाटते. होकाराचाच धरून कागद आत सोडतो आहे.